शिप्रा, पुवा आणि माझी आई

प्रति,
महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांचे बिशप, पाळक व पंच,
तसेच मिशन रुग्णालयांचे विश्वस्त यांस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

आपल्या मिशन दवाखान्यांत ज्या बायकांनी आयुष्य घातलं, त्या नर्सेसची नावं शोधून, लिहून, जपून ठेवावीत, एवढी एकच विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. ते उघड लिहिते आहे, कारण विनंती कोण्या एका दवाखान्यापुरती किंवा एका मंडळीपुरती नाही. आणि वेळ थोडा उरला आहे. ज्यांना ही नावं तोंडपाठ आहेत त्या म्हाताऱ्या सिस्टर एकेक करून चालल्या आहेत. यंदा माझी आई गेली.

ती नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मली, साठच्या दशकात मिरजेला नर्सिंग शिकली आणि मग निवृत्त होईपर्यंत एका मिशन दवाखान्यात राबली. ती गेल्यावर स्मरणाच्या उपासनेसाठी पाळकसाहेबांनी माझ्याकडे तिची माहिती मागितली. कोणत्या साली रुजू झाली, कोणत्या वॉर्डात किती वर्षं होती, बाळंतपणं किती केली. घरच्या ट्रंकेत काही कागद मिळाले. बाकीचं विचारायला मी तिच्या दवाखान्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसांनी आपुलकीनं बसवून घेतलं, चहा दिला, आणि सांगितलं की ऑफिस नव्या इमारतीत हलवताना जुनी रजिस्टरं रद्दीत गेली. प्रसूती विभागाची, नर्सिंग शाळेची, पगाराची, सगळीच. बाहेर येताना जिन्याजवळच्या संगमरवरी पाट्या मी नीट वाचल्या. डॉक्टरांची नावं आहेत. कोनशिला कोणी बसवली त्यांचं आहे. खाटा कोणी दिल्या, पंखे कोणी दिले, तेही रकमेसकट आहे. त्या खाटांवरच्या माणसांना ज्यांनी रात्र रात्र कुशीवर वळवलं त्यांच्यापैकी एकीचंही नाव नाही.

पाट्यांवरची नावं काढा असं मी म्हणत नाही. त्या डॉक्टरांचं ऋण मी मानते. माझी आई तर त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायची. पण दवाखाना म्हणजे राउंडची दहा मिनिटं आणि ऑपरेशनचा एक तास एवढंच नसतं. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र नर्सची असते. ती रात्र मी लहानपणी जवळून पाहिली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमचे क्वार्टर्स वॉर्डाच्या मागेच होते. संध्याकाळच्या ड्युटीला आई असली आणि वडील शाळेच्या कामाला गेलेले असले की मी वॉर्डाच्या व्हरांड्यात पाटी घेऊन बसायची. भाजलेल्या बायका त्या काळी सारख्या येत. स्टोव्हचा भडका उडाला असं सांगत आणलेल्या, विशी-बाविशीच्या. सोबत आलेली माणसं लांब उभी राहत. त्यातल्या एकीचं ड्रेसिंग मला आजही आठवतं. जखमेला चिकटलेलं गॉज आई कधी ओढून काढायची नाही. सलाईनची बाटली उशाशी घ्यायची, कापसाचा बोळा भिजवायचा, गॉजच्या कडेवर थेंब थेंब पिळायचा आणि थांबायचं. कडा सुटली की तेवढीच उचलायची, पुन्हा थेंब, पुन्हा थांबायचं. एका हाताचं गॉज सुटायला तासभर लागायचा. ती ड्युटीच्या वेळात बसायचीच नाही या कामाला, कारण तेव्हा वॉर्डात आणखी तीसेक माणसं असायची. ड्युटी संपवून, बदलीच्या सिस्टरला चार्ज देऊन मग बसायची. मी एकदा विचारलं, एकदम का नाही काढत? ती म्हणाली, “ओढलं की खालची नवी कातडी पण येते बरोबर. देवानं आठ दिवस खपून आणलेली कातडी मी घाईनं कशी काढू?”

ती बाई जगली. पुढे कित्येक वर्षं भुईमूग निघाला की शेंगांची पिशवी घेऊन आमच्या दारात यायची. तिच्या मानेवरचा वण तसाच होता, पण दोन्ही हात चालत होते. हात चालले म्हणून ती शेतात उभी राहिली आणि पोरं वाढवली. कोणत्याही वार्षिक अहवालात हे आलेलं नाही. भाजलेल्या रुग्णांच्या आकड्यात ती एक आकडा असेल.

दुसरं सांगायचं ते पायांचं. दाखल झालेल्या माणसाला खाटेवर घेण्याआधी आई त्याचे पाय धुवायची. रानातून, बैलगाडीतून आलेली माणसं, टाचांना भेगा, भेगांत माती. कोमट पाणी, साबण, आणि बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवणं. चादर मळू नये म्हणून धुतेस का, असं मी विचारलं तेव्हा ती ‘हो’ म्हणाली. खरं कारण मला उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या रात्री कळलं. उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय वाचला जात होता, प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो तो भाग, आणि आई डोळे मिटून ओठांनी शब्द न शब्द बरोबर म्हणत होती. तिला तो अध्याय पाठ होता. तिनं त्याचा अर्थ कधी कोणाला समजावून सांगितला नाही.

तिच्या विश्वासाबद्दल एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण आजकाल मिशन दवाखान्याचं नाव निघालं की लोक भलत्याच गोष्टी विचारतात. आईनं एकाही पेशंटला त्याचा देव सोडायला सांगितलं नाही. कुणी आपणहून म्हणालं, “बाई, तुमच्या देवाला सांगा ना माझं,” तर ती तिथंच खाटेचा दांडा धरून दोन ओळींची प्रार्थना करायची, त्याच्याच बोलीत. आषाढीच्या आसपास एक वारकरी म्हातारे हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. गळ्यातली तुळशीची माळ काढायला तयार नव्हते. माळेशिवाय मेलो तर काय, म्हणत होते. थिएटरात माळ चालत नव्हती. आईनं त्यांच्या समोर ती माळ स्वच्छ गॉजच्या तुकड्यात गुंडाळली, आपल्या ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि म्हणाली, “बाबा, डोळे उघडाल तेव्हा गळ्यात असेल.” भूल उतरेपर्यंत ती त्यांच्याजवळ बसून राहिली आणि डोळे उघडायच्या आत माळ घातली. म्हातारे पुढच्या वर्षी पंढरपूरहून बुक्का घेऊन आले. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला.

आई म्हणून ती कशी होती हे लिहिणं जास्त कठीण जातं. रात्रपाळी करून सकाळी घरी आली की आधी चूल, आमचे डबे, वेण्या, मग दुपारी डोळ्यांवर ओला पंचा टाकून दोन-तीन तास झोप. त्या वेळात आम्ही भावंडं घरात कुजबुजत बोलायचो. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती क्वचितच आली. त्याचं मला तेव्हा वाईट वाटायचं, आणि ते तिला माहीत होतं. ड्युटीवर निघताना ती माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, “प्रभू, मी हिच्याजवळ नाही तेव्हा तू राहा.” तिच्या हातांना स्पिरिटचा वास यायचा. जंतुनाशकानं बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या आणि त्या चिरांत रात्री ती खोबरेल चोळायची. क्वार्टर्समधल्या कोणत्याही नर्सचं पोर कोणत्याही घरी जेवायचं. दिवाळीत ख्रिस्ती सिस्टर हिंदू सिस्टरांच्या ड्युट्या घ्यायच्या, नाताळात त्या आमच्या घ्यायच्या. ते वेळापत्रक मेट्रनबाईंना कधी सांगावं लागलं नाही.

१९७२च्या दुष्काळाबद्दल ती फार बोलायची नाही. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं, सुकडी आणि लाल मिलो ज्वारीवर दिवस काढणारी पोरं, उलट्या-जुलाबानं डोळे खोल गेलेली. खाटा भरल्या की जमिनीवर चटया टाकायच्या. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, बोथट झालेल्या सुयांना धार लावून पुन्हा वापरायच्या, सलाईनच्या काचेच्या बाटल्या टांगायला खुंट्या कमी पडल्या म्हणून खिडकीच्या गजांना बांधायच्या. एकदाच म्हणाली होती, पोराची शीर सापडेना की मी मनातल्या मनात तेविसावं स्तोत्र सुरू करायची, आणि बहुतेक वेळा ते संपायच्या आत सुई आत गेलेली असायची. ज्या वेळी गेली नाही त्या पोरांची गावं तिला शेवटपर्यंत आठवत होती.

आता जरा मागं जाऊ, कारण माझी आई एकटी नव्हती. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं, आणि तिथं नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. मिरज रेल्वेचं जंक्शन. इकडून आमची माणसं, तिकडून कर्नाटकातली. आई शिकत असताना कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, एवढं कानडी तिला आलंच होतं. वाई, वेंगुर्ला, कोल्हापूर, जालना, नगर, जिथं जिथं मिशनचा दवाखाना उभा राहिला तिथं तिथं आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली ॲप्रन घालून उभ्या राहिल्या. या मुली कोण होत्या? कोणी दुष्काळात आईबाप गमावलेल्या, मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या. कोणी विधवा. पुष्कळशा महार-मांग समाजांतून ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या. परक्याचं रक्त, पू, विष्ठा, बाळंतिणीचं अंथरूण यांना हात लावणं चांगल्या घरच्या बाईचं काम नव्हे, अशी त्या काळाची समजूत होती. ज्यांना गावानं स्वतःच शिवायचं नाकारलं होतं, त्यांच्याच हातून गावानं औषध घेतलं. पाण्याचा पेला घ्यायला खळखळ करणारी माणसं तापात त्याच हातांनी पाणी प्यायली. केवढी मोठी गोष्ट आपल्या दवाखान्यांच्या चार भिंतींत घडली! तिच्यावर भाषणं झाली नाहीत, मोर्चे निघाले नाहीत, आणि म्हणूनच ती लिहून ठेवली पाहिजे.

तेव्हाची गरज किती होती याचा एक आकडा पुरे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं अहवाल दिला. देशात सुमारे सात हजार नर्सेस, म्हणजे सुमारे ४३ हजार लोकांमागे एक. त्या मूठभर बायकांमध्ये ख्रिस्ती बायकांचा वाटा फार मोठा होता. आपण मंडळीत त्यांना आजी, मावशी, आत्या म्हणत आलो. त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून गीतं गायली.

आणि आपल्या मंडळ्या कशावर उभ्या राहिल्या हेही एकदा मोकळेपणानं बोललं पाहिजे. खेड्यातल्या एका घरातली एक मुलगी नर्स व्हायची. तिच्या पगारातून धाकटी भावंडं शहरात शिकायला यायची. कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी इंजिनिअर. माझ्या आईनं आपल्या दोन बहिणींना नर्सिंगला आणलं आणि एका भावाचं कॉलेज केलं, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. पगार हातात आला की पहिला हिशेब दशांशाचा, म्हणजे मंडळीला द्यायच्या दहाव्या हिश्शाचा. आपल्या कितीतरी चर्चची छपरं, बाकं, रविवारशाळेची पुस्तकं या बायकांच्या दशांशातून आली आहेत. आज वार्षिक सभेत जे आपण पुढच्या रांगेत बसतो, त्यांतल्या बहुतेकांच्या घरात एक पिढी मागं एक पांढरी साडी वाळत घातलेली असायची.

मला ठाऊक आहे, काही पाळकसाहेब म्हणतील, सेवा गुप्त असावी. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनंच सांगितलं आहे. खरं आहे. पण ते देणाऱ्याला सांगितलं आहे. ज्यानं घेतलं त्यानं विसरून जावं असं प्रभू कुठं म्हणाला? बेथानीत एका बाईनं त्याच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतलं, तेव्हा जवळची माणसं कुरकुरली. प्रभू म्हणाला, सर्व जगात जिथं जिथं सुवार्ता सांगतील तिथं तिथं हिनं केलेलंही हिच्या स्मरणार्थ सांगतील. एका बाईनं एका शरीराची केलेली काळजी आठवत राहायची, ही त्याची स्वतःची इच्छा होती.

शास्त्र उघडून पाहा. बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात दोन सुइणी आहेत, शिप्रा आणि पुवा. इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका असा राजाचा हुकूम होता. त्यांनी देवाचं भय धरलं आणि मुलगे जिवंत ठेवले. त्या पुस्तकात सुइणींची नावं आहेत आणि फारोचं नाव नाही. एवढ्या मोठ्या मिसर देशाचा राजा, त्याला नुसतं ‘फारो’ म्हणून सोडून दिलं, आणि बाळंतपणं करणाऱ्या दोन बायकांना नावानिशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी दिलं. लहानपणी रविवारशाळेत हा भाग शिकले तेव्हा मला फक्त नदीत ठेवलेली बाळ मोशेची टोपली आठवायची. आता मला त्या दोघी आधी आठवतात.

पौलाचं रोमकरांस पत्र घ्या. पंधरा अध्याय एवढं खोल तत्त्व सांगून झाल्यावर सोळाव्या अध्यायात तो काय करतो? नावं घेतो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी. प्रिस्का. मरिया. त्रुफैना आणि त्रुफोसा. पर्सिस, जिनं प्रभूमध्ये फार श्रम केले. आपण उपासनेत हा अध्याय सहसा वाचत नाही, नुसती यादी म्हणून सोडून देतो. मला तो सगळ्या पत्रांतला सर्वांत मायेचा भाग वाटतो. त्यात रूफाच्या आईचाही उल्लेख आहे. पौल म्हणतो, ती माझीही आई. तिचं नाव मात्र त्यानं लिहिलेलं नाही. तिथं आले की दर वेळी मला चुकचुकल्यासारखं होतं.

महाराष्ट्राला अशी आठवण ठेवता येत नाही असंही नाही. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या; हे शाळेतलं पोरही सांगतं, आणि ते योग्यच आहे. मिशनरी डॉक्टरांची पत्रं, अहवाल, छायाचित्रं परदेशांतल्या संग्रहांत व्यवस्थित लावून ठेवली आहेत. मधे राहिल्या त्या आमच्या आया. त्यांना इथं कोणी पाटीवर लिहिलं नाही आणि तिथं कोणाला त्यांची नावं नीट उच्चारता आली नाहीत. जुन्या अहवालांत ‘आमच्या नर्सेसनी चांगलं काम केलं’ अशा एका ओळीत त्या येतात आणि जातात.

आता काय करता येईल ते सांगते. जिथं नर्सिंग शाळा होती तिथं प्रवेशाची रजिस्टरं अजून असतील तर ती आधी कोरड्या, उंच जागी हलवा. पावसाळा आणि वाळवी तुमच्या सभेची वाट पाहत नाहीत. प्रसूती विभागाच्या रजिस्टरात बाळंतपण कोणी केलं त्याचा रकाना असतो, त्यात सही असते. ती रजिस्टरं तपासली तर नुसती नावंच मिळणार नाहीत, कोणाच्या हातून किती जीव सुखरूप आले तेही मिळेल. पेशंटची नावं मात्र झाकूनच ठेवावीत. त्या बायकांची गोष्ट त्यांची आहे. मेट्रनच्या खोलीत प्रत्येक बॅचचा फोटो टांगलेला असायचा, पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली दोन ओळींत. फ्रेम उघडून पाठीमागं पाहा, पुष्कळदा तिथं पेन्सिलीनं नावं लिहिलेली असतात. हे सगळं करायला फार पैसे लागत नाहीत. तरुण संघातल्या मुलांच्या मोबाइलमधून पानांचे फोटो निघतात. महिला मंडळातल्या बायका निवृत्त सिस्टरांकडे जाऊन बसल्या तर दोन दुपारींत पन्नास नावं सांगतील, गावासकट, सासर-माहेरासकट. केरळातून आलेल्या सिस्टरांना यात विसरू नका. इथं येऊन त्यांनी मराठी शिकून घेतलं आणि कितीजणी आपल्याच मंडळीच्या झाल्या. हिंदू, मुस्लिम, बौद्ध सिस्टरांचीही नावं त्याच यादीत असू द्या. वॉर्डात त्यांच्या खाटा वेगळ्या नव्हत्या.

मग भिंतीवर पाटी लावा. दगडाची नको, लाकडाची चालेल, ज्यात पुढं नावं वाढवता येतील अशी. आणि १२ मे हा फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. त्याच्या जवळच्या रविवारी उपासनेत आपापल्या मंडळीतल्या नर्सेसची नावं वाचावीत, गेलेल्यांची आणि असलेल्यांचीही. नुसती नावं, भाषण नको. ‘आजारी होतो तेव्हा माझ्या समाचारास आलात’ हे मत्तयाचं वचन आधी वाचलं तर दुसरं काही बोलण्याची गरज पडणार नाही.

जिवंत असलेल्यांचा उल्लेख मुद्दाम केला. करोनाच्या दिवसांत, २०२०मध्ये, नगरच्या बूथ हॉस्पिटलसारख्या मिशन दवाखान्यांत रुग्ण दाखल होत होते तेव्हा घरची माणसंसुद्धा खाटेजवळ जाऊ शकत नव्हती. जवळ होत्या त्या नर्सेस, घामानं निथळत, प्लास्टिकच्या आवरणात. आई तेव्हा ऐंशीकडे झुकलेली. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली रात्री तिला फोन करायच्या, आणि ती त्यांना औषधाबद्दल काही सांगत नसे, कारण नवं औषध तिला माहीत नव्हतं. पेशंटला पालथं झोपवताना कानाखाली, घोट्यांखाली काय ठेवायचं, पाठीवर जखम होऊ नये म्हणून कुठं तपासायचं, तोंड कोरडं पडलं तर ओठांना काय लावायचं, हे सांगायची. शेवटी म्हणायची, “त्याचं नाव घेऊन बोल. ऐकू येत नाही असं वाटलं तरी नाव घेऊन बोल.” त्या मुलींची नावं आत्ताच लिहून ठेवता येतील. त्यासाठी पन्नास वर्षांनी कोणाच्या मुलीला कार्यालयात जाऊन विचारावं लागू नये.

माझ्याकडे आईचं प्रमाणपत्र आहे, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा कागद आहे, पितळी बिल्ला आहे आणि तिच्या बॅचचा फोटो आहे. जी संस्था हा संग्रह नीट सांभाळण्याची लेखी हमी देईल तिला मी हे सगळं देईन. फोटोच्या मागं आईच्या अक्षरात नावं आहेत, पण खालच्या ओळीतली तीन नावं ओल लागून पुसली आहेत. त्या मुली कोण, हे मिरजेत त्याच सुमारास शिकलेल्या कोणा सिस्टरला आठवत असेल. आपल्या मंडळीत अशा कोणी असतील तर मला पाळकांमार्फत कळवा, मी फोटो घेऊन त्यांच्याकडे येईन. आणि येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, रजिस्टरं कोणाच्या ताब्यात आहेत याची चौकशी त्याआधी व्हावी, ही विनंती.

आपली,
एका नर्सची मुलगी